गल्ली कुणासाठी उघडी?

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डेटन शहरात फाइव्ह ओक्स नावाची दोनेक हजार कुटुंबांची जुनी वस्ती आहे. १९९०च्या सुमारास ही वस्ती जेरीला आली होती. रस्ते सरळ, उभे-आडवे, एकमेकांना छेदणारे. शहराच्या मध्यभागी कामाला जाणारे लोक हमरस्त्यावरचा खोळंबा चुकवायला याच गल्ल्यांतून गाड्या पिटाळायचे. गाडीतून न उतरताच अमली पदार्थ विकत घ्यायचे आणि पुढच्या कोपऱ्यावरून पसार व्हायचं, हा व्यवहारही तिथं जोरात होता, कारण पळायला वाटा मुबलक होत्या. ज्यांना परवडलं त्यांनी घरं विकून काढता पाय घेतला. शेवटी शहराच्या प्रशासनानं ऑस्कर न्यूमन या वास्तुविशारदाला बोलावलं. न्यूमननं रहिवाशांच्याच हातात नकाशा दिला, ‘आपलं’ कुठून कुठपर्यंत ते त्यांच्याकडूनच आखून घेतलं आणि वस्तीचे दहा भाग पाडले. प्रत्येक भागात गाडीनं शिरायला आणि बाहेर पडायला एकच तोंड ठेवलं. उरलेल्या तीसहून अधिक रस्त्यांवर विटांचे खांब आणि लोखंडी फाटकं उभी राहिली.

पुढं मोजदाद झाली. वस्तीतून आरपार जाणारी परकी वाहनं ६७ टक्क्यांनी घटली, अपघात ४० टक्क्यांनी, एकूण गुन्हे २६ टक्क्यांनी, आणि हिंसक गुन्हे तर निम्म्यावर आले. हे आकडे न्यूमननंच १९९६ साली अमेरिकी सरकारच्या गृहनिर्माण खात्यासाठी लिहिलेल्या पुस्तकात दिले आहेत. वैद्यानं आपल्याच औषधाचा गुण सांगितला की तो जरा जपूनच ऐकावा. तरी आकडे लहान नाहीत, आणि त्यानंतर जगभरातल्या बांधकाम व्यावसायिकांना आणि पोलीस खात्यांना ‘रस्ते बंद करा, गुन्हे बंद होतील’ असं सोपं सूत्र हाती लागलं.

याच्या बरोबर उलटं सांगणारं पुस्तक तीस वर्षं आधीच गाजून गेलं होतं. जेन जेकब्ज ना वास्तुविशारद होत्या, ना नगररचनाकार. त्या पत्रकार होत्या आणि न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागात हडसन स्ट्रीटवर राहत होत्या. १९६१ साली त्यांनी ‘द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज’ लिहिलं आणि पदवीधर नगररचनाकारांना चांगलंच झोडपलं. रस्ता सुरक्षित राहतो तो मुख्यतः पोलिसांमुळे नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. तो राखतात रस्त्यावर वावरणारी आणि रस्त्याकडे तोंड करून बसलेली माणसं. त्यांनी खिडकीतून पाहिलेला एक प्रसंग पुस्तकात आहे. एक माणूस आठ-नऊ वर्षांच्या मुलीला आपल्याबरोबर नेऊ पाहत होता आणि मुलगी भिंतीला चिकटून हटत नव्हती. खाली जाऊन मध्ये पडावं का, असा विचार जेकब्ज करत होत्या, तोवर खाटकाच्या दुकानातली बाई बाहेर आली. पाठोपाठ किराणावाला आला, मग कुलपं दुरुस्त करणारा, फळवाला, लाँड्रीवाला. वरच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली, बारमधून दोन गिऱ्हाइकं दारात येऊन उभी राहिली. तो माणूस त्या मुलीचा बापच निघाला. पण तो बाप नसता तरी मुलगी कुठं गेली नसती. या बारबद्दलही जेकब्ज आस्थेनं लिहितात. रात्री उशिरापर्यंत तिथं ये-जा असल्यामुळे रस्ता निर्मनुष्य होत नसे. दारूच्या गुत्त्याला सुरक्षेचं श्रेय द्यायला आपल्याला जड जाईल. पानवाल्याला द्यायला हरकत नसावी.

जेकब्ज यांना हवे होते ते दोन चौकांमधले आखूड टप्पे, पावलागणिक कोपरे, एकाच रस्त्यावर घर-दुकान-कचेरी यांची सरमिसळ आणि भरपूर आरपार वाटा. न्यूमनच्या फाटकांशी याचा मेळ बसत नाही. दोघांचेही अनुयायी झाले. ब्रिटनमध्ये पोलिसांनी १९८९ साली ‘सिक्युअर्ड बाय डिझाइन’ नावाची योजना सुरू केली. नव्या वसाहतीत विनाकारण पाऊलवाटा ठेवू नयेत, घरांच्या मागून जाणारे रस्ते तर नकोतच, असा तिचा कल होता. दुसरीकडे शाश्वत शहरांचा आग्रह धरणारे म्हणू लागले की माणसानं गाडी घरी ठेवून पायी, सायकलनं, बसनं जावं असं वाटत असेल तर वाटा जवळच्या हव्यात, म्हणजेच आरपार हव्यात. एकाच नकाशावर नगररचनाकारानं पाऊलवाट काढायची आणि पोलिसांच्या सल्लागारानं ती खोडायची, हा खेळ तिथं वर्षानुवर्षं चालला.

बंद गल्लीची हौस मुळात चोरांमुळे आली नव्हती. ती मोटारीमुळे आली. १९२९ साली न्यू जर्सीत क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट यांनी रॅडबर्न ही वसाहत ‘मोटारयुगातलं गाव’ म्हणून वसवली. घरांची तोंडं आतल्या बागांकडे, मोटारी मागच्या बंद गल्ल्यांत, मुलं शाळेत जाणार ती रस्ता न ओलांडता. कल्पना सुंदर होती, आणि मूळ रॅडबर्न आजही राहायला छान आहे. १९३०च्या दशकात घरकर्जांना हमी देणाऱ्या अमेरिकी सरकारी यंत्रणेनंही बंद गल्ल्यांची शिफारस केली. १९५७ साली लॉस एंजेलिसमधल्या एका पाहणीनं त्यावर शिक्कामोर्तब केलं: चार रस्त्यांच्या चौकापेक्षा तीन रस्त्यांचा तिठा चौदा पटींनी सुरक्षित! मात्र पाहणी वसाहतींच्या आतल्या चौकांची होती. आतली सगळी वाहतूक ज्या रुंद हमरस्त्यावर लोटली जाते, त्या रस्त्याच्या कडेनं चालणाऱ्याचं काय होतं, हा प्रश्न तिच्या कक्षेतच नव्हता. पुढं वेस्ली मार्शल आणि नॉर्मन गॅरिक यांनी कॅलिफोर्नियातली चोवीस शहरं तपासली तेव्हा चित्र बरंच बदललं. जिथं चौक दाट, तिथं जीवघेणे अपघात कमी. चौक दाट असले की गाडीला वेग घ्यायला जागाच मिळत नाही.

रॅडबर्नची नक्कल ब्रिटनमधल्या सरकारी वसाहतींत झाली तेव्हा मात्र पंचाईत झाली. लोक गाडी मागं लावून मागच्याच दारानं घरात शिरू लागले. पुढच्या बाजूची हिरवळीची पायवाट ओस पडली, आणि मागची बाजू म्हणजे परसाच्या भिंती आणि गॅरेजची दारं. बघायला कुणी नाही. अशा कित्येक वसाहती नंतर पुन्हा पैसे ओतून उलट्या फिरवाव्या लागल्या. शिवाय वळसा होताच. दोन घरांच्या परसांमध्ये एका कुंपणाचं अंतर, पण दारातून दारात जायचं तर पाव तासाची चाल. मग दुधाची पिशवी आणायलाही गाडी निघते.

आता चोरांकडे वळू. घरफोड्या करणारा माणूस शहरभर हिंडून घरं हेरत नाही. पॅट्रिशिया आणि पॉल ब्रँटिंगहॅम या कॅनडातल्या गुन्हेशास्त्रज्ञ दांपत्यानं दाखवून दिलं की तोही चारचौघांसारखा ठरलेल्या वाटांवर वावरतो: घर, कामाची जागा, मित्राचा अड्डा. या वाटांवर येता-जाता जे नजरेस पडतं त्यातूनच तो सावज निवडतो. म्हणजे ज्या रस्त्यावरून अधिक लोक जातात, तो अधिक चोरांच्याही नजरेत भरणार. २०१० साली शेन जॉन्सन आणि केट बॉवर्स यांनी इंग्लंडमधल्या मर्सीसाइड भागातल्या घरफोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात हेच दिसलं. मोठ्या, चोहोबाजूंनी जोडलेल्या रस्त्यांवर घरफोड्या जास्त, बंद गल्ल्यांत कमी, आणि तोंडाशी उभं राहून आतलं काही दिसू नये अशा नागमोडी बंद गल्ल्यांत त्याहून कमी.

जेकब्ज यांच्या पक्षाला हा फटका आहे, तो मान्य केला पाहिजे. पण जॉन्सन आणि बॉवर्स यांच्याच विद्यापीठात, युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये, बिल हिलियर हे रस्त्यांच्या जाळ्याचा वेगळ्या पद्धतीनं अभ्यास करत होते. लंडनच्या एका भागातल्या पोलिसी नोंदींवरून त्यांच्या हाती जो निष्कर्ष लागला, तो मला या सगळ्या भांडणातला सर्वांत कामाचा वाटतो. रस्त्याच्या एका तुकड्यावर घरं जितकी जास्त, तितका त्यातल्या प्रत्येक घराचा धोका कमी. मग तो रस्ता आरपार असो वा बंद. चार घरांची, तीन बाजूंनी मोकळ्या जागेला लागून असलेली बंद गल्ली चोराला सोयीचीच पडते.

दारं कोणत्या बाजूला आहेत, यावर किती अवलंबून असतं ते लिव्हरपूलच्या बोळांवरून कळतं. तिथल्या कामगार वस्त्यांत घरांच्या दोन रांगा पाठीला पाठ लावून उभ्या असतात आणि मध्ये एक अरुंद बोळ असतो. कोळसा आत आणायला आणि मैला बाहेर न्यायला तो ठेवलेला होता. मोरी-नळ आल्यावर त्याचं काम संपलं, बोळ तसाच राहिला, आणि घरफोड्यांची ती हक्काची वाट झाली. बोळांच्या तोंडांना कुलूपबंद फाटकं बसवून किल्ल्या फक्त रहिवाशांना दिल्यावर तिथल्या घरफोड्या एक-तृतीयांशाहून जास्त घटल्याचं आढळलं. मुंबईकरांना ही जागा परकी नाही. दक्षिण मुंबईत दोन इमारतींच्या मध्ये असते ती हाऊस गल्ली याच कुळातली. तीही मैला उचलणाऱ्या सफाई कामगारांना मागच्या मागं ये-जा करता यावी म्हणून ठेवलेली. आज तिथं सांडपाण्याचे पाइप आणि वरच्या मजल्यांवरून भिरकावलेला कचरा असतो. अशा बोळाला फाटक लावलं तर शहराचं काही बिघडत नाही, कारण ती कुणाची वहिवाटच नव्हती.

न्यूमनलाही मुळात फाटकांचं वेड नव्हतं. त्याचं १९७२ सालचं पुस्तक इमारतींबद्दल होतं. सेंट लुईस शहरात तो शिकवत असताना प्रुइट-आयगो नावाची सरकारी वसाहत त्याच्या डोळ्यांदेखत कोसळत होती. अकरा-अकरा मजल्यांच्या ३३ इमारती १९५०च्या दशकात बांधल्या आणि १९७२पासून सुरुंग लावून पाडायला सुरुवात झाली. रस्त्यापलीकडे तशाच गरीब लोकांची बैठ्या घरांची वसाहत मात्र ठीक चालली होती. न्यूमनच्या लक्षात आलं की प्रुइट-आयगोतही दोन कुटुंबांत असलेला जिन्याचा टप्पा स्वच्छ असतो, वीसेक कुटुंबांत असलेला सज्जा घाण असतो आणि दीडशे कुटुंबांत असलेली लिफ्ट व प्रवेशद्वार म्हणजे भीतीची जागा. यावरून त्यानं सूत्र काढलं की जागेचे वाटेकरी जितके थोडे, तितकी ती ‘आपली’ वाटते आणि राखली जाते.

गिरगावातल्या चाळीत वाढलेला माणूस इथं अडखळेल. तिथंही एका गॅलरीवर पंधरा-वीस खोल्या असतात, नळ आणि संडास सामाईक असतात. तरी अनोळखी माणूस जिन्यावर दिसला की तिसऱ्या पायरीच्या आत कुणीतरी विचारतं, “कोण पाहिजे?” फरक दाराचा आहे. चाळीतल्या खोलीचं दार दिवसभर उघडं असतं, तांदूळ निवडणं, अभ्यास, भांडण सगळं गॅलरीत चालतं. प्रुइट-आयगोत सज्ज्याला लागून बंद दारं होती आणि लिफ्ट तर ठरावीक मजल्यांवरच थांबायची. तेव्हा वाटेकऱ्यांच्या संख्येवर न्यूमननं दिलेला भर मला थोडा जास्तच वाटतो. वीस दारं उघडी असली तर वीस वाटेकरी चालतात.

या साऱ्या संशोधनात आणखी एक घोळ आहे. बरेच अभ्यास घरफोड्यांचे आहेत. घरफोडी मोजायला सोपी पडते, कारण विम्यासाठी तक्रार नोंदवली जाते. पण वस्ती सुरक्षित आहे का, हा प्रश्न घरातल्या टीव्हीपुरता नसतो. रात्री दहाला स्टेशनवरून चालत येणाऱ्या मुलीला बंद, नागमोडी, उंच भिंतींची गल्ली मुळीच सुरक्षित वाटणार नाही, तिथं घरफोड्या कितीही कमी असोत. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली ‘व्हाय लॉइटर?’ या पुस्तकात मुंबईतल्या बायकांच्या रस्त्यावरच्या वावराबद्दल लिहिलं आहे. बाईला रस्त्यावर असायला काहीतरी काम असल्याचं दाखवावं लागतं, नुसतं रेंगाळता येत नाही. दोन वर्षांनी भारतात सुरू झालेलं सेफ्टीपिन हे ॲप रस्ते तपासतं ते उजेड किती, जागा मोकळी किती, आजूबाजूच्या दारं-खिडक्यांतून आपण कुणाला दिसतो का, रस्त्यावर बायका-मुलं आहेत का, असल्या निकषांवर. ही यादी कोणत्याही गुन्हेविषयक तक्त्यापेक्षा चालणाऱ्याच्या जास्त जवळची आहे.

मुंबईतले स्कायवॉक याच यादीवर नापास होतात. २००८पासून एमएमआरडीए या विकास प्राधिकरणानं रेल्वे स्थानकांबाहेर तीसहून अधिक स्कायवॉक बांधले. गाड्यांपासून पादचाऱ्याला वाचवायचं, हा हेतू चांगलाच होता. पण ज्या वाटेला दुकान नाही, घर नाही, मधेच उतरायला जिना लांब, ती वाट संध्याकाळनंतर ओस पडणार. लोक खालच्या गर्दीतून, गाड्यांना चुकवत जाणं पसंत करतात.

मग गल्ली बंद करायची की उघडी ठेवायची? प्रश्नच अर्धवट आहे. कुणासाठी बंद आणि कुणासाठी उघडी, हे विचारलं की भांडण बरंचसं मिटतं. डेटनच्या गोष्टीतला एक तपशील अनुयायांनी सोयीस्करपणे गाळला. फाइव्ह ओक्सची फाटकं गाड्यांसाठी होती. फुटपाथ मोकळे होते. पायी जाणारा कुठूनही कुठं जाऊ शकत होता. युरोपात हेच तत्त्व सायकलवाल्यांनी आणि प्रदूषणाला कंटाळलेल्यांनी वेगळ्या वाटेनं शोधून काढलं. बार्सिलोनात इल्डेफोन्स सेर्दाच्या १८५९ सालच्या आराखड्यातले नऊ चौकोन एकत्र करून २०१६पासून पोब्लेनोऊ भागात ‘सुपरइला’ आखले गेले. आतल्या रस्त्यांवर गाडी शिरते, पण आरपार जाऊ शकत नाही. माणूस जाऊ शकतो.

सर्वांत बोलका पुरावा ईशान्य लंडनमधल्या वॉल्थम फॉरेस्टचा आहे. २०१५पासून तिथल्या निवासी रस्त्यांवर झाडांच्या मोठ्या कुंड्या आणि खुंट रोवून आरपार मोटारी थांबवल्या गेल्या. चालणारे आणि सायकलवाले मधून सहज जातात. विरोध कडाडून झाला. गाड्या गेल्या की रस्ते सुने होतील आणि लुटालूट वाढेल, अशीही भीती व्यक्त झाली. ॲना गुडमन आणि रेचल आल्ड्रेड यांनी पोलिसांच्या २०१२ ते २०१९च्या नोंदी तपासून २०२१ साली निष्कर्ष मांडले. या रस्त्यांवरचे गुन्हे सरासरी १० टक्क्यांनी घटले आणि तीन वर्षांनंतर घट १८ टक्क्यांवर गेली. मारहाण आणि लैंगिक गुन्ह्यांत ती आणखी मोठी होती. हे गुन्हे शेजारच्या भागात सरकले, असंही दिसलं नाही. एकच गुन्हा वाढला, तो म्हणजे सायकलचोरी. चोरायला सायकली जास्त होत्या, हेही त्याचं एक कारण असावं.

गाडीतून जाणारा माणूस रस्त्यावर नजर ठेवत नाही. तो काच लावून तीस सेकंदांत निघून जातो. जेकब्ज यांच्या हडसन स्ट्रीटवर जे डोळे होते ते चालणाऱ्यांचे, दुकानदारांचे आणि खिडकीत बसलेल्यांचे होते. गाड्या कमी झाल्या तर असे डोळे कमी होत नाहीत, उलट मुलं खेळायला उतरतात आणि त्यांच्यामागं मोठी माणसं येतात.

आपल्याकडे सध्या चाललंय ते नेमकं याच्या उलट. गाडीसाठी फाटक दिवसातून शंभरदा उघडतं, पायी येणाऱ्याला मात्र वॉचमन अडवतो. मुंबई-ठाण्यातल्या नव्या टॉवरचे खालचे पाच-सात मजले पार्किंगचे असतात. डॅनिश वास्तुविशारद यान गेल यांच्या मते पाचव्या मजल्याच्या वर राहणाऱ्याचा रस्त्याशी संबंध तुटतो, आणि आपल्याकडे तर पहिली खिडकीच आठव्या मजल्यावर. त्याखाली रस्त्याला लागून शंभर-दोनशे मीटरची कोरी भिंत. टॉवरच्या आतली सुरक्षितता खरी आहे, तिची किंमत भिंतीबाहेरून चालणारे देतात.

जुन्या सोसायट्यांत मागच्या बाजूला एक छोटं फाटक असायचं, स्टेशनाकडे किंवा भाजीबाजाराकडे जाणारं. एखादी चोरी होते, सर्वसाधारण सभेत ते कायमचं बंद करायचा ठराव येतो आणि सीसीटीव्हीच्या खर्चासकट मंजूर होतो. त्या फाटकातून रोज ये-जा करणारी धुण्याभांड्याची बाई सभासद नसते, म्हणून तिला वळसा पडला याची नोंद इतिवृत्तात येत नाही. दुसरा ठरावही करता येतो. फाटक पहाटेपासून रात्री अकरापर्यंत उघडं ठेवायचं, वर एक बरा दिवा लावायचा, रस्त्याकडची भिंत कमरेइतकी करून वर जाळी बसवायची आणि इस्त्रीवाल्याला त्याच कोपऱ्यात टेबल मांडू द्यायचं. दिव्यापर्यंत सगळे माना डोलावतात. इस्त्रीवाल्याचं नाव निघालं की सभेत पार्किंगचा विषय सुरू होतो.